थोडक्यात वाचलो

१७ नोव्हेंबर, सोमवार

वर्तकनगरच्या डॉक्टरने बीपी मोजला, एकशे ऐंशी. म्हणाला, राग आला की लिहून काढा, बरं वाटेल. मी म्हटलं, डॉक्टर, मी पायलिंगच्या साइटवर फोरमन आहे, माझा राग लिहायचा तर एक कारकून ठेवावा लागेल. तो हसला नाही. सिमेंटवाल्याने दिलेली जाडजूड डायरी कपाटात पडून होती, ती काढली.

तर आजचा राग. कोलशेतच्या साइटवर रिग फिरत असताना साईनाथ तिच्या मागून गेला. रिग म्हणजे इमारतीच्या पायासाठी जमिनीत भोकं पाडणारं पंचाऐंशी टनांचं धूड. पुढे मास्ट म्हणजे उंच खांब आणि ड्रिल, मागे तोल सांभाळायला दहा टन लोखंड. ऑपरेटर पुढे बघतो. तो रिग फिरवतो तेव्हा मागचं लोखंडही फिरतं, आणि तिथे कोण आहे हे त्याला दिसत नाही. म्हणून मागे जमिनीवर लाल पट्टी आखली आहे. रिग चालू असताना पट्टी ओलांडायची नाही, एवढा एकच नियम. साईनाथने ओलांडली, कारण पाण्याची बाटली पलीकडे राहिली होती.

कानाखाली जाळ काढला. "चुकलो दादा" म्हणाला, तेव्हा दुसरी दिली. बाटलीसाठी मरतोस काय, भडव्या?

तेरा वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ रामा माझ्या हातून गेला. मी तेव्हा ऑपरेटर होतो. घोडबंदरच्या साइटवर मी रिग फिरवली आणि रामा मागचं लोखंड आणि पाण्याची टाकी यांच्या मधे सापडला. मला काही कळलंसुद्धा नाही. बाइक खड्ड्यातून जाताना बसतो तेवढाही धक्का बसला नाही. लोक हात हलवायला लागले म्हणून रिग उलटी फिरवली, तेव्हा तो खाली पडला. त्याची छाती हाताच्या पंजाएवढी जाड उरली होती. तोंडातून जे आलं ते रक्त होतं असंही म्हणता येणार नाही. त्या दिवसानंतर मी लिव्हरला हात लावलेला नाही. फोरमन झालो.

चार वर्षांपूर्वी त्याची आई, हौसाबाई, साईनाथला घेऊन डोंबिवलीहून घरी आली. म्हणाली, "एक गेला तुझ्या हातनं. हा तुझ्या हवाली करते. चुकला तर मार, पण जिता घरी धाड." मी तिच्या पायावर हात ठेवून हो म्हटलं. साईनाथ आता एकतीस वर्षांचा आहे, त्याला दोन मुलं आहेत, आणि तो जिवंत आहे. तेरा वर्षांत माझ्या हाताखाली एक माणूस मेलेला नाही. लोकांना चौदावं रत्न दाखवल्याशिवाय हे होत नाही, हे कुणीतरी त्या डॉक्टरला सांगायला हवं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी साईनाथ आला. "दादा, छोट्या विंचच्या रोपाच्या तारा तुटल्यात. पाच-सहा दिसतायत."

रिगच्या छोट्या विंचने आम्ही भोकात सोडायचे लोखंडी सळयांचे पिंजरे उचलतो, दोन-दोन टनांचे. तिचा वायररोप मास्टच्या टोकावरच्या पुलीवरून खाली येतो, तो बारीक तारा पिळून केलेला असतो. रोज सकाळी त्यावरून चिंधी फिरवायची. चिंधी जिथे अडकते तिथे तार तुटलेली. मी फिरवली, तीन ठिकाणी अडकली. दिवाळीनंतर टाकलेला रोप! ड्रमवर वाकडातिकडा गुंडाळला की तो स्वतःखालीच चिरडतो. गुंडाळताना लक्ष कुणी द्यायचं? साईनाथने. त्याच्याच डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि त्याच्याच पाठीत घातलं. चार-पाच घातले असतील. तो खाली बसला तरी थांबलो नाही. सगळी साइट बघत होती, बघू दे म्हटलं.

मग काम बंद केलं आणि रोप बदलला. नवा यायला दुपारचे चार वाजले. साइट इंजिनियर शौनक, वय अठ्ठावीस, पूर्ण दिवस वाया गेला म्हणून माझ्यावर नाचला. नाचू दे. सुरक्षेत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

संध्याकाळी रत्नदीप जवळ आला. हा आमचा नवा सेफ्टी ऑफिसर, डोंबिवलीचाच, डिप्लोमावाला, आवाज कधी चढत नाही. "काका, एक बोलू? साईनाथने तर सांगितलं होतं. सांगणाऱ्यालाच मारलंत."

"सांगितल्याबद्दल नाही मारलं. रोप खराब केल्याबद्दल मारलं."

"त्याला फरक कळला असेल?"

"न कळायला काय झालं? कुक्कुलं बाळ आहे का?"

पोरगा चांगला आहे, पण साइट म्हणजे शाळा नाही हे त्याला कळायला वेळ लागेल.

१ डिसेंबर, सोमवार

रत्नदीपने नवीन टूम काढली. चहाच्या शेडमध्ये दोरीला वही आणि पेन लटकवलं. वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, "थोडक्यात वाचलो". कुणी थोडक्यात वाचला, कुठे काही मोडलेलं दिसलं, की नाव न घालता लिहायचं. लिहिणाऱ्याला शिक्षा नाही. त्याचं म्हणणं, मोठा अपघात होण्याआधी असे पन्नास छोटे होतात, ते कळले तर मोठा टळतो.

मी म्हटलं, साहेब, ही कागाळ्यांची वही होणार. तो म्हणाला, होऊ दे काका.

३ डिसेंबर, बुधवार

तीन दिवसांत वहीत सात नोंदी. रत्नदीपने सकाळी सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या. एकाचा पाय केसिंगच्या, म्हणजे भोकात बसवलेल्या लोखंडी पाइपच्या, तोंडावर घसरला होता. एकाच्या खांद्याजवळून पाना पडला. एकाने लिहिलं होतं, "मास्टच्या टोकावरची पुली कुईकुई करते." सगळे हसले, मीही हसलो. पुली कुईकुई करते तर ग्रीस मार की, लिहितोस कसलं? पत्र पाठवतोयस काय पुलीच्या माहेरी?

रत्नदीप मात्र मास्ट खाली घेऊन पुली बघूया म्हणाला. मास्ट आडवा करायचा म्हणजे अर्धा दिवस गेला. शौनकने रविवारी बघू म्हणून विषय संपवला, आणि खरं सांगायचं तर मीही मान डोलावली. गेल्याच आठवड्यात एक दिवस गेला होता.

६ डिसेंबर, शनिवार

रत्नदीप आज रजेवर, चैत्यभूमीला गेला. मी शेडमध्ये बसून वही पहिल्यापासून वाचली. तो वाचून दाखवत होता ते सगळं नव्हतंच. गाळत होता.

"फोरमन ओरडले म्हणून पळत गेलो आणि सळईवर पडलो. थोडक्यात वाचलो."

"पिंजरा हलत होता. थांबवा म्हणणार होतो. फोरमन समोर होते म्हणून नाही म्हटलं. थोडक्यात वाचलो."

"फोरमनचा हात लागून कानातून दोन दिवस पाणी आलं. थोडक्यात वाचलो."

माझं डोकं फिरलं. ज्या हाताने यांना जिवंत ठेवलं त्या हाताची नोंद! सगळ्यांना शेडसमोर उभं केलं. नाव नसलं तरी अक्षर असतंच, हजेरीवर यांच्या सह्या मीच घेतो. तिघे सापडले. पहिल्याला दोन्ही हातांनी घेतला, तो पत्र्यावर आदळला आणि पत्रा वाजला. दुसऱ्याने हात मधे घातला तर पोटात गुडघा दिला. तिसरा साईनाथ. कानाचं त्यानेच लिहिलं होतं. त्याने हात खाली सोडले, डोळे मिटले आणि उभा राहिला. मी म्हटलं, डोळे उघड. उघडले, मग मारलं. खालचा ओठ फाटला.

ऑपरेटर बाबुराव केबिनमधून उतरून आला, "गुणाजी, बस झालं रे." तो माझ्या बरोबरीचा, त्याच्यावर हात टाकला नाही. पण आईवरून जे बोललो ते इथे लिहिणार नाही.

शेवटी सांगितलं, आता लिहा वहीत काय लिहायचं ते.

आत्ता लिहिताना बोटं दुखतायत. डॉक्टर म्हणाला होता बरं वाटेल. तसं काही वाटत नाहीये.

११ डिसेंबर, गुरुवार

पाच दिवस झाले, वहीत एक अक्षर नाही. साइट अशी चाललीय की बघत राहावं. कुणी इकडेतिकडे रेंगाळत नाही, लाल पट्टीजवळ चिटपाखरू नाही. मी दिसलो की हेल्मेटचे पट्टे कडाकडा लागतात. रत्नदीपला वही दाखवली, "बघा साहेब, पन्नासावरून शून्यावर आणले."

तो पानं उलटत राहिला. "काका, सात नोंदी होत्या तेव्हा मला झोप लागत होती. ही कोरी वही बघून भीती वाटते."

शिकलेल्यांचं असंच असतं, त्यांना कशातच सुख नाही.

आज साईनाथला मात्र शाबासकी दिली. छोट्या विंचच्या रोपावर त्याने इतकं छान ग्रीस लावलं होतं की एक तार उघडी दिसत नव्हती, काळाभोर चकचकीत रोप. रविवारी मास्ट खाली घ्यायचा राहूनच गेला होता, पण आता पुलीपण कुईकुई करायची थांबली. चिंधी लावली तर सर्रकन घसरली. पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "याला म्हणतात काम. मार खाल्लास ते कारणी लागलं." त्याने मान हलवली. ओठाची खपली अजून आहे.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी अंघोळीला गेलो, नळाला हात लावला आणि खांद्यापर्यंत झिणझिणी आली. गिझरचा शॉक. ओरडतच बाहेर आलो. ही शांतपणे म्हणाली, "चपला घालून जायचं. आम्ही जातो."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि सोनल. महिना झाला शॉक मारतोय."

महिना! घरात सुरक्षेतला तेरा वर्षांचा माणूस, आणि बायको आणि पोरगी महिनाभर चपला घालून अंघोळ करतायत! मी विचारलं, मला सांगायला काय झालं होतं? ही पोळी लाटत राहिली. सोनल म्हणाली, "बाबा, मागच्या वेळी मिक्सर बिघडल्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही मिक्सर भिंतीवर फेकलात."

त्याचा इथे काय संबंध? मी तिथल्या तिथे इलेक्ट्रिशियन बोलावला. घरात जीव जायची वेळ आली आणि बायका मिक्सरचं घेऊन बसतात.

१८ डिसेंबर, गुरुवार

साईनाथ.

रोप तुटला. पिंजरा त्याच्या पायावर पडला. उद्या लिहितो.

१९ डिसेंबर, शुक्रवार

काल अकरा वाजता पिंजरा उचलत होतो. बारा-तेरा फुटांवर होता. साईनाथ खाली उभा राहून हाताने त्याला भोकाकडे वळवत होता. खरं तर लांबून दोरीने वळवायचा, पण दोरीने वेळ लागतो आणि पिंजरा हलला की मी ओरडतो.

आवाज बंदुकीसारखा झाला. वरून तुटलेला रोप हवेत फिरून आला आणि शेडचा पत्रा कापून गेला. पिंजरा सरळ खाली आला. साईनाथ उडी मारून बाजूला झाला, पण उजवा पाय राहिला. पिंजऱ्याची कडा आणि केसिंगचं तोंड, मधे मांडी. तो ओरडला नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, माझं लक्ष होतं." परत म्हणाला, "लक्ष होतं दादा." मग ओरडायला लागला.

पिंजरा उचलायला क्रेन आणावी लागली, तेवीस मिनिटं. रत्नदीपने स्वतःचा पट्टा काढून मांडीला आवळला आणि पूर्ण वेळ त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मी मोटरचा पंप चालू करा, बंद करा असं काहीतरी ओरडत होतो. का, ते आठवत नाही. पिंजरा वर गेला तेव्हा पाय बरोबर वर जायला लागला, कातड्याला धरून. बाबुरावने तो हाताने सोडवून खाली ठेवला.

पाय मांडीपासून काढला. जीव वाचला म्हणतात.

दुपारी शौनकने कागद आणला. तुटलेल्या रोपावरचं ग्रीस पुसलं तर खाली तारा पार कुरतडलेल्या होत्या. साईनाथने तारा तुटलेल्या बघितल्या आणि वर ग्रीस थापून लपवल्या. रोपाची जबाबदारी त्याचीच. अहवालात "कामगाराचा निष्काळजीपणा" असं लिहिलं होतं. खोटं काय त्यात? मी सही केली, पोलिसांना जबाबही तसाच दिला. चिंधी सर्रकन घसरली होती ती ग्रीसवरून. मला फसवलं त्याने. जिवंत राहा म्हणून ज्याच्यासाठी एवढा राबलो, त्याने मला फसवलं. पाय नसलेल्या माणसाचा एवढा राग येणं बरं नाही, पण येतोय.

२२ डिसेंबर, सोमवार

मास्ट खाली घेतला. पुलीचं बेअरिंग बसलं होतं आणि एका बाजूची कड झिजून धार आली होती. ती धार रोप कापत होती. हा रोप आणि त्याच्या आधीचाही. गुंडाळण्यात काही चूक नव्हती. मी त्याला हेल्मेटने मारलं तेव्हा त्याची काही चूक नव्हती.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये गेलो. साईनाथ जागा होता. चादर एका बाजूला सपाट. मी विचारलं, "रोप तुटायला आलाय हे तुला कधी कळलं?"

"नऊ-दहा तारखेला."

"मग?"

"वीस तारखेला, शनिवारी बदलायचा विचार होता दादा. मी आणि बाबुरावकाकांनी मिळून. तुम्ही पगाराच्या कामाला ऑफिसला जाता ना, तेव्हा. तोवर रोप टिकेल असं वाटलं."

"बाबुरावलाही माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं." मग माझं तोंड बघून घाईघाईने म्हणाला, "त्यांचा काही दोष नाही. मीच म्हटलं होतं नका सांगू."

म्हणजे नऊ दिवस बारा माणसं त्या रोपाखाली काम करत होती. ही माणसं रोपाला कमी भीत होती. दोन टनांचा पिंजरा डोक्यावर परवडला, पण मला सांगणं परवडलं नाही. मी खुर्चीत बसून हे मनात फिरवून बघत होतो, त्याला दुसरा काही अर्थ निघतो का. निघाला नाही.

त्याची उशी घसरली होती. नीट करायला मी हात पुढे केला. त्याने दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले, सलाइनची सुई उपटली, चादरीवर रक्त उडालं. "सॉरी दादा, सॉरी," म्हणत राहिला. नर्स धावत आली आणि तिने मला बाहेर काढलं.

पायऱ्यांवर बसून रडलो. चोपन्न वर्षांचा माणूस, येणारेजाणारे बघत होते.

२४ डिसेंबर, बुधवार

डोंबिवलीला हौसाबाईकडे गेलो. चाळीतली एक खोली, भिंतीवर रामाचा फोटो. मला बघून तिने सुनेला चहा टाकायला सांगितला आणि माझा हात धरला. "तू होतास म्हणून पायावर निभावलं रे बाबा. तुझं लक्ष हाय म्हणून जिता तरी हाय."

हा हात असाच धरू द्यावा, चहा प्यावा आणि निघावं, असं फार वाटलं. पण मग रोज यावं लागलं असतं तिच्यासमोर.

"मावशी," म्हटलं, "रोप तुटणार हे त्याला माहीत होतं. मला सांगितलं नाही. आधी एकदा सांगितलं होतं तेव्हा मी त्याला हेल्मेटने मारलं होतं. त्या घाबरण्यापायी पाय गेला."

तिने हात सोडला नाही, पण तिची बोटं सैल पडली. "गालाला वळ असायचे. ओठ फाटला होता. मला म्हणायचा सळई लागली."

"मी मारायचो."

"किती दिवसांनी?"

"आठवड्याला. कधी आठवड्यात दोनदा."

तिने आता हात सोडला. "मी म्हटलं होतं चुकला तर मार. आईचं तोंड, बोलून जातं. एकदा बोलले मी. तू चार वर्षं मारलंस?"

सुनेने चहा आणला. हौसाबाई तिला म्हणाली, "त्यो आत ने." मी उठलो. दारात नमस्कारासाठी वाकलो तेव्हा तिने पाय मागे घेतले.

२६ डिसेंबर, शुक्रवार

पोलीस ठाण्यात जाऊन जबाब बदलला. हवालदार लिहिता लिहिता थांबला. "रोप तुटला, माणूस जखमी झाला, इथपर्यंत कळलं. त्यात थोबाडीत मारण्याचा काय संबंध?"

"तोच संबंध आहे. लिहा."

शौनकला कळलं तसा त्याचा फोन आला. काका, तुम्ही स्वतःपण जाल आणि मलापण घालवाल, म्हणाला. पुली रविवारी बघू म्हणणारे आपण दोघेही होतो, असं म्हणून मी ठेवून दिला.

२९ डिसेंबर, सोमवार

साइट परत सुरू झाली. सकाळी सगळ्यांना गोळा केलं. म्हटलं, माझ्या हातून चूक झाली. आजपासून मी कुणावर हात उचलणार नाही. कुठे काही मोडलेलं असेल, कुणाला कशाची भीती वाटत असेल, आत्ता सांगा.

अकरा जण बुटांकडे बघत उभे.

"रोप?"

"नवीनच आहे दादा, मस्त आहे."

"हुक?"

"एकदम ओके."

मी स्वतः जाऊन हुक बघितला. लोड निसटू नये म्हणून हुकाला जी पट्टी असते ती मोडलेली होती आणि बारीक तारेने बांधून ठेवली होती. तार नवी होती, आज सकाळची. मी हुक हातात धरून त्यांच्याकडे वळलो तशी पुढची रांग मागे सरकली. मी आवाजही काढला नव्हता.

रत्नदीप शेजारी उभा होता. हळूच म्हणाला, "काका, वेळ लागेल."

किती? त्या वेळात कोण जाणार? वरच्या पट्टीत ओरडून, शपथ घालून, पाया पडूनसुद्धा मी यांच्या तोंडून खरं काढू शकत नाही. ती हुकाची पट्टी मी बदलून घेईन, पण जे मला दिसत नाही त्याचं काय? या साइटवर लाल पट्टी मागच्या बाजूला आखली आहे. माझ्याभोवती कुणी आखली नाही.

३१ डिसेंबर, बुधवार

राजीनामा दिला. कारण विचारलं तेव्हा "सुरक्षा" लिहिलं. शौनकला ती थट्टा वाटली.

रत्नदीप गेटपर्यंत आला. त्याला म्हटलं, सोमवारी सकाळी विचार त्यांना. मी नाही हे आधी सांग, मग विचार. आणि मला फोन कर.

५ जानेवारी, सोमवार

नऊ वाजल्यापासून फोन हातात घेऊन गॅलरीत बसलो होतो. ही दोनदा येऊन बघून गेली. साडेअकराला आला.

"काका, एक तास चालले होते बोलत. थांबतच नव्हते. वहीत लिहायला जागा पुरली नाही."

"वाच."

"जाऊ दे ना काका. मी बघतो सगळं."

"वाच म्हटलं ना." माझा आवाज चढला, मग खाली आणला. "वाच रे बाबा."

त्याने वाचलं. मास्टची शिडी तिसऱ्या पायरीला सुटली आहे, सहा महिने. रिग बंद करायचं लाल बटण डाव्या बाजूचं चालतच नाही, त्यावर टेप लावली आहे. वेल्डिंगच्या केबलला तीन ठिकाणी उघडी तार. एकाला फिट येते. गणपतीनंतर दोनदा आली, तो भोकाच्या तोंडावर काम करतो. एकाने हेल्मेटच्या आतली पट्टी तुटली म्हणून नुसतं टोपलं घातलंय, पण पट्टा कडाकडा लावतो. प्रत्येक गोष्टीला माझा हात शिवशिवत होता. सहा महिने? टेप? मला का नाही... आणि तिथेच थांबत होतो.

"सहावी बाबुरावकाकांनी सांगितली," रत्नदीप म्हणाला.

"बोल."

"डाव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे. वर्ष होऊन गेलं. रिग फिरवताना डावीकडचं त्यांना जवळजवळ दिसत नाही. काम जाईल आणि तुम्ही सगळ्यांसमोर काढाल म्हणून बोलले नाहीत. मी त्यांना केबिनमधून उतरवलंय, उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडे नेतो."

डावीकडे मी उभा असायचो. वर्षभर, रोज, इशारा द्यायला, आणि मला वाटायचं तो माझ्याकडे बघून रिग फिरवतोय.

"काका? आहात ना?"

"आहे," म्हटलं. "सातवी वाच."